औषधाचं नाव कोणाच्या मालकीचं?



२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात एक शब्द घराघरात पोचला होता: रेमडेसिव्हिर. ते इंजेक्शन भारतात अनेक कंपन्या बनवत होत्या आणि प्रत्येकीचं लेबल निराळं होतं. कोव्हिफॉर, सिप्रेमी, रेमडॅक, डेसरेम अशी नावं त्यावर छापलेली असत. मूळ अमेरिकी कंपनीचं स्वतःचं नाव तर व्हेक्लुरी. पण दवाखान्याबाहेर रात्रभर उभ्या राहिलेल्या नातेवाइकांच्या तोंडी यातलं एकही नाव नव्हतं. ते फक्त रेमडेसिव्हिर मागत होते. त्या औषधाचा उपयोग किती, यावर तेव्हाही मतभेद होते आणि तो आजचा विषय नाही. मला लक्ष वेधायचं आहे ते वेगळ्या गोष्टीकडे. कुपी कोणत्याही कंपनीची हाती आली तरी ‘हेच ते’ एवढं लोकांना कळत होतं, कारण ते औषधाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखत होते. हे नाव कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. ते जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मंजूर केलेलं आहे आणि जगातल्या प्रत्येक माणसाला ते वापरायचा हक्क आहे.

ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या चिठ्ठीवर औषधाचं असंच नाव आधी असे आणि कंपनीचं नाव नंतर, तेही गरज पडली तर. त्यांचे रुग्ण या सभागृहात बसलेले आहेत, त्यांना ते आठवत असेल. म्हणून या व्याख्यानासाठी मी हाच विषय निवडला.

प्रत्येक औषधाला तीन नावं असतात. पहिलं रासायनिक. तापावर आपण जी गोळी घेतो तिचं रासायनिक नाव एन-(४-हायड्रॉक्सिफिनाइल)ॲसिटामाइड. रसायनशास्त्रज्ञाला यातून रेणूची रचना दिसते, पण रात्री दोन वाजता फोनवर हे नाव कोणी सांगू शकणार नाही. तिसरं नाव व्यापारी, म्हणजे कंपनीने नोंदवलेलं, तिच्या मालकीचं: क्रोसिन, कॅल्पॉल, मेटासिन, डोलो. या दोहोंच्या मधलं नाव पॅरासिटामॉल. यालाच आपण जेनेरिक नाव म्हणतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते आलं की ते ‘आंतरराष्ट्रीय सामाईक नाव’ होतं. औषधाच्या क्षेत्रातले लोक त्याला आयएनएन म्हणतात. सामाईक हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. गावच्या सामाईक विहिरीवर जसा कुणा एकाचा हक्क नसतो, तसा या नावावरही नसतो.

ही व्यवस्था सुचली ती गोंधळातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ घ्या. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून निघणारा एक पदार्थ रक्तदाब झपाट्याने वाढवतो, हे डॉक्टरांना कळलं होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल यांनी आपल्याला मिळालेल्या अर्काला ‘एपिनेफ्रिन’ म्हटलं. पण शुद्ध स्फटिक हाती लागले ते अमेरिकेत स्थायिक झालेले जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने आणि त्यांचे तरुण सहकारी केइझो उएनाका यांना. ताकामिनेंनी पेटंट घेतलं आणि डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने तो पदार्थ ‘ॲड्रेनलिन’ या नोंदणीकृत नावाने विकायला काढला. नाव कंपनीचं झाल्यावर अमेरिकेत सगळ्यांसाठी म्हणून ‘एपिनेफ्रिन’ रूढ झालं. ब्रिटनमध्ये मात्र ‘ॲड्रेनलिन’ हेच सर्वसामान्य नाव मानलं गेलं, आणि ब्रिटिश वैद्यकाच्या शाळेत शिकलेल्या आपणही तेच उचललं. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ‘एपिनेफ्रिन’ पसंत केलं. म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला जे इंजेक्शन सेकंदांच्या हिशोबात द्यायचं, त्याचीच आजही जगात दोन नावं आहेत, आणि त्याचं मूळ सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका व्यापारचिन्हात आहे. ब्रिटनने २००३ नंतर आपली बरीच जुनी नावं आंतरराष्ट्रीय नावांशी जुळवून घेतली. फ्रुसेमाइडचं फ्युरोसेमाइड झालं, लिग्नोकेनचं लिडोकेन झालं. ॲड्रेनलिन मात्र त्यांनी सोडलं नाही. आणीबाणीच्या औषधाचं नाव बदलण्यातला धोका नवीन नावाच्या सोयीपेक्षा मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. आपल्याकडे दाताच्या डॉक्टरांकडे अजून ‘लिग्नोकेन’च चालतं, त्याला मात्र असं काही कारण नाही, नुसती सवय आहे.

ॲस्पिरिनची गोष्ट उलट्या दिशेने जाते. बायर कंपनीने १८९९ मध्ये हे नाव नोंदवलं. ते इतकं लोकांच्या तोंडी बसलं की १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निकाल दिला: गिऱ्हाइकांच्या लेखी ॲस्पिरिन म्हणजे एक कंपनी नव्हे, तो पदार्थच. अमेरिकेत ते नाव सगळ्यांचं झालं. भारतातही आपण ते मोकळेपणाने वापरतो. जर्मनीत आणि कॅनडात मात्र ते आजही बायरचं व्यापारचिन्ह आहे. एकच शब्द एका देशात सगळ्यांचा आणि दुसऱ्या देशात एका कंपनीचा, अशा स्थितीत दोन देशांतल्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायचं कसं?

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकांची, संप्रेरकांची, भुलीच्या औषधांची रांगच लागली आणि हा प्रश्न रोजचा झाला. जागतिक आरोग्य संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली. १९५० मध्ये तिच्या सभेने नावांच्या कामाचा ठराव केला आणि १९५३ मध्ये पहिली यादी छापून आली. तेव्हापासून हे काम खंड न पडता चाललेलं आहे.

ते चालतं असं. कंपनी किंवा संशोधक नवीन पदार्थाची रचना, गुणधर्म आणि सुचवलेली काही नावं घेऊन अर्ज करतात. बहुधा औषध बाजारात यायच्या कितीतरी आधी, माणसांवरच्या चाचण्या चालू असतानाच. निरनिराळ्या देशांतले तज्ज्ञ एकत्र बसून नाव निवडतात. मग ते ‘प्रस्तावित’ म्हणून प्रसिद्ध होतं आणि चार महिने हरकतींसाठी ठेवलं जातं. हरकत कोणीही घेऊ शकतो. एखाद्या देशाचं औषध नियंत्रण खातं सांगेल की हे नाव आमच्याकडच्या अमुक औषधासारखं ऐकू येतं. एखादी कंपनी म्हणेल की ते आमच्या व्यापारचिन्हाच्या फार जवळ जातं. हरकत नसेल, किंवा तिचं निरसन झालं, की ते ‘शिफारस केलेलं’ नाव होतं. मग ते लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, अरबी आणि चिनी रूपांत नोंदलं जातं. मराठी, हिंदी यात नाहीत. आपल्याकडे ते नाव इंग्रजीतून येतं आणि आपण ते कानाला जसं लागेल तसं लिहितो.

नाव घडवण्याचे नियम बारकाईने वाचले तर त्यांच्यामागची माणुसकी दिसते. नाव ऐकायला आणि लिहायला इतरांपासून वेगळं हवं, अडचणीचं लांब नको. इंग्रजी ‘पीएच’च्या जागी ‘एफ’ लिहा, ‘टीएच’च्या जागी नुसता ‘टी’, ‘वाय’च्या जागी ‘आय’. ‘एच’ आणि ‘के’ शक्यतो टाळा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना नाव वाचता यावं, यासाठी ही काटछाट. आणि एक नियम मला फार मोलाचा वाटतो: नावातून रोग, शरीराचा अवयव किंवा गुण येण्याचं आश्वासन सूचित होता कामा नये. व्यापारी नाव नेमकं तेच करू पाहतं. सामाईक नावाने रुग्णाला भुलवायचं नाही. शिवाय एका रोगासाठी आलेलं औषध उद्या दुसऱ्याच रोगावर चालतं असं आढळू शकतं, तेव्हा नाव खोटं पडायला नको.

या सगळ्या रचनेचा कणा म्हणजे नावातला सामाईक तुकडा, बहुधा शेवटी येणारा. आपल्याकडे आडनावावरून घराणं कळतं, तसं या तुकड्यावरून औषधाचं कुळ कळतं. रक्तदाबाची गोळी घेणारे इथे पुष्कळ असतील. तुमच्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ आहे का पाहा: एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल. या कुळातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला सुटतो, आणि एका प्रिलने खोकला आला तर दुसऱ्या प्रिलनेही तो येण्याची शक्यता दाट असते. तेव्हा डॉक्टर बहुधा ‘सार्टन’ कुळाकडे जातात: लोसार्टन, टेल्मिसार्टन. ‘डिपिन’ म्हणजे ॲम्लोडिपिनचं कुळ. ‘ग्लिप्टिन’ आणि ‘ग्लिफ्लोझिन’ ही मधुमेहाची दोन वेगळी कुळं. रेमडेसिव्हिरमधलं शेवटचं ‘व्हिर’ विषाणूविरोधी औषधांचं.

या शेवटच्या तुकड्यात जीव वाचवण्याची ताकद आहे, असं मी अगदी जबाबदारीने म्हणतो. ‘ओलॉल’ कुळातली औषधं, म्हणजे ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, हृदयाची गती कमी करतात. पण दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका त्यातल्या काहींनी आवळू शकते. आता काचबिंदूसाठी डोळ्यात टाकायचे थेंब घ्या. त्यातलं एक जुनं, सर्वत्र वापरलं जाणारं औषध टिमोलॉल. डोळ्यात टाकलेला थेंब थोडा रक्तात जातोच आणि दम्याच्या माणसाला तेवढाही पुरतो. बाटलीवरच्या व्यापारी नावावरून हे कळायला मार्ग नाही. टिमोलॉल हे नाव वाचणाऱ्याला मात्र त्यातलं ‘ओलॉल’ लगेच सावध करतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांचंही तसंच. ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन, सगळ्यांच्या शेवटी ‘सिलिन’. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ एवढं ज्याला माहीत आहे आणि जो नावाचा शेवट वाचतो, तो गोळी तोंडात टाकण्याआधी थांबून विचारू शकतो. व्यापारी नावांत असा आधार नसतो.

नावांची कुळं लावण्याआधी जन्मलेली काही औषधं मात्र आपली जन्मखूण अंगावर घेऊन आली आहेत. तोंडातल्या बुरशीवर वापरलं जाणारं निस्टॅटिन घ्या. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळांत काम करत. एकीचं काम न्यूयॉर्क शहरात, दुसरीचं ऑल्बनीत. १९५० मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या औषधाच्या नावात ‘न्यूयॉर्क स्टेट’ दडलेलं आहे. पुढे कोलेस्टेरॉल कमी करणारी ‘स्टॅटिन’ औषधं आली, ज्यांचा बुरशीशी काही संबंध नाही, आणि पंचाईत झाली. म्हणून त्या कुळाचा अधिकृत तुकडा नुसता ‘स्टॅटिन’ नसून ‘व्हास्टॅटिन’ आहे: ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन.

निस्टॅटिनचं एक भावंड आपल्या पिंपरीचं आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन बनवणं हे त्याचं मुख्य काम, पण तिथे संशोधनही जोमाने चालत असे. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीविरोधी औषध मिळवलं. सूक्ष्मजीवाला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि औषधाला हॅमायसिन. ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ची आद्याक्षरं, आणि त्यापुढे स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवांपासून मिळालेल्या औषधांचा ठरलेला तुकडा, ‘मायसिन’. पुण्याजवळच्या एका वसाहतीचं आणि तिथल्या कारखान्याचं नाव अशा रीतीने जगाच्या शास्त्रीय शब्दसंग्रहात गेलं. पुणे-मुंबई रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? शाळेतल्या मुलांना हे सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जाता जाता एक सांगतो. जेन्टामायसिन हे त्या कुळातलं नाही. ते ज्या जिवापासून मिळतं तो मायक्रोमोनोस्पोरा जातीचा, म्हणून इंग्रजीत त्याच्या ‘मायसिन’मध्ये ‘वाय’ऐवजी ‘आय’ लिहितात. देवनागरीत हा फरक पुसला जातो.

सगळंच सुरळीत आहे असं नाही. कर्करोगाच्या आणि संधिवाताच्या नव्या प्रतिपिंड औषधांना ‘मॅब’ हा शेवट दिला होता. ट्रास्टुझुमॅब, टोसिलिझुमॅब, ॲडालिमुमॅब: यांत मधले तुकडे औषध कशावर चालतं आणि उंदरापासून आलं की माणसापासून, हे सांगत. नावं इतकी वाढली की नवीन, वेगळं ऐकू येणारं नाव सापडेना. २०१७ मध्ये उगमाचा तुकडा काढून टाकला, २०२१ मध्ये ‘मॅब’ हा शेवटच चार नव्या शेवटांत वाटून दिला. सामाईक नावंही कधी एकमेकांत मिसळतात. हृदयाच्या अतिदक्षता विभागात ॲम्रिनोन आणि ॲमिओडारोन ही दोन औषधं एकमेकांऐवजी दिली जाऊ लागली, म्हणून अमेरिकेने २००० मध्ये पहिल्याचं नाव इनॅम्रिनोन केलं. आणि अमेरिकेची स्वतःची नामकरण समिती असल्यामुळे काही जुनी नावं तिथे वेगळीच राहिली. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं: आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन असतं. एकाच रासायनिक नावातून दोन देशांनी वेगवेगळे तुकडे उचलले, एवढाच फरक. दम्याच्या पंपातलं आपलं साल्ब्युटामॉल तिथे ॲल्ब्युटेरॉल. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन मात्र तिथेही तीच. म्हणून सहा महिन्यांसाठी मुलाकडे जाताना सोबत भारतातली व्यापारी नावं लिहून नेऊ नका. तिथल्या डॉक्टरांना त्यातून काही समजणार नाही.

आता आपल्या घरचा प्रश्न. भारतात एकाच औषधाची अनेक व्यापारी नावं चालतात आणि निरनिराळ्या औषधांची सारखी ऐकू येणारीही. मलेरियाच्या दोन औषधांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एकाचं नाव फॅल्सिगो, दुसऱ्याचं फॅल्सिटॅब. दोन्ही मेंदूच्या मलेरियासाठी. पण एकात आर्टेसुनेट आणि दुसऱ्यात मेफ्लोक्विन, म्हणजे दोन निराळ्या कुळांची औषधं. २००१ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की नावांच्या सारखेपणाची परीक्षा इतर वस्तूंपेक्षा औषधांच्या बाबतीत अधिक कडक हवी. खाऊच्या पुड्याबाबत फसगत झाली तर तोंडाची चव जाईल, औषधाबाबत झाली तर माणूस जाईल. हा निकाल प्रत्येक औषध कंपनीच्या कार्यालयात लावून ठेवण्यासारखा आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचं तेरावं कलम आंतरराष्ट्रीय सामाईक नावं, किंवा त्यांच्याशी फसवं साम्य असलेली नावं, व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला मनाई करतं. त्याआधी १९९३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सगळ्या देशांना आवाहन केलं होतं की सामाईक तुकड्यांवरून व्यापारी नावं बनवू देऊ नका. तरीही बाजारात मूळ नावाचा अर्धा भाग कापून त्याला शेपूट जोडलेली नावं सर्रास दिसतात. हे चूक आहे. सगळ्यांच्या मालकीचा तुकडा एकाने आपल्या नावात बांधून घेतला, की त्या कुळात उद्या येणाऱ्या नव्या औषधाला नाव द्यायची वाट अरुंद होते.

व्यापारी नावं टप्प्याटप्प्याने बंद करावीत, असं १९७५ मध्ये सरकारने नेमलेल्या हाथी समितीने सुचवलं होतं. ते झालं नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांना शक्यतो जेनेरिक नावाने लिहायला सांगितलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हा नियम सक्तीचा करू पाहणारी नवी नियमावली आली आणि तीन आठवड्यांत स्थगित झाली. डॉक्टरांचं म्हणणं असं की सगळ्या कंपन्यांचा दर्जा सारखा नसतो, म्हणून खात्रीच्या कंपनीचं नाव लिहावं लागतं. ही चिंता खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. पण दर्जाचा प्रश्न तपासणीने, कारखान्यावर छापा घालून, नमुने प्रयोगशाळेत पाठवून सोडवायचा असतो. रुग्णापासून औषधाचं नाव दडवून तो सुटत नाही. डॉक्टरांनी दोन्ही नावं लिहावीत, सामाईक नाव आधी. त्याला कुठलीच अडचण नाही.

२०१८ पासून एक चांगला नियम लागू आहे. तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणांसारखे काही अपवाद वगळता, पाकिटावर औषधाचं मूळ नाव व्यापारी नावापेक्षा दोन आकारांनी मोठ्या अक्षरांत छापावं लागतं. ते आपल्यासाठीच छापलेलं आहे आणि आपण ते वाचत नाही. तापात सकाळी क्रोसिन, दुपारी शेजाऱ्याने दिलेलं डोलो, रात्री सर्दीची मिश्र गोळी, असं घेणारा माणूस तिन्ही वेळा पॅरासिटामॉलच घेत असतो. सुदृढ मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची मर्यादा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. त्यापलीकडे यकृताला धोका.

म्हणून श्रोतेहो, माझी विनंती अगदी साधी आहे. घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडा. प्रत्येक पाकिटावरचं मोठ्या अक्षरांतलं नाव एका कागदावर लिहा, समोर मिलिग्रॅम आणि वेळ. खाली, ज्या औषधाची ॲलर्जी आली असेल त्याचं नाव तांबड्या शाईने लिहा. एक प्रत पैशांच्या पाकिटात ठेवा, एक मुलांकडे द्या, एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. इंग्रजी वाचता येत नसेल तर औषधाच्या दुकानात बसलेल्या फार्मासिस्टकडून देवनागरीत लिहून घ्या. ते सांगणं त्याचं काम आहे आणि ते विचारणं तुमचा हक्क आहे. आणि इथे बसलेल्या डॉक्टरांना हात जोडून सांगतो: उद्याच्या पहिल्या चिठ्ठीपासून सामाईक नाव आधी लिहा, सुवाच्य लिहा, आणि रुग्णाकडून ते एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.